खुर्चीचा हट्ट आणि लेखणीचा आळस

शिखर परिषदांची छायाचित्रे आता इतकी परिचयाची झाली आहेत की, खालचे वर्ष झाकले तर कोणती परिषद कोठे भरली होती हे ओळखता येऊ नये. राष्ट्रप्रमुख एका ओळीत उभे असतात, हातांत हात गुंफलेले असतात, मागे झेंड्यांची रांग असते. लगोलग एक संयुक्त घोषणापत्र प्रसिद्ध होते. अलीकडे त्यात शंभराहून अधिक परिच्छेद असतात. त्यांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुधारणेची मागणी असते, नाणेनिधीतील मतांच्या फेरवाटपाची मागणी असते, आणि आता बरीच वर्षे इंटरनेटच्या जागतिक कारभारात विकसनशील देशांना न्याय्य वाटा मिळावा अशीही मागणी असते. वृत्तपत्रे मथळे देतात. पुढील वर्षी दुसऱ्या शहरात दुसरे छायाचित्र निघते आणि तीच मागणी पुन्हा, थोड्या वेगळ्या विशेषणांसह, मांडली जाते.

या मागण्या न्याय्य आहेत, हे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. आमचा वाद मागणीशी नाही, मागणाऱ्यांशी आहे. उदयोन्मुख म्हणविणाऱ्या देशांनी, आणि त्यांत आपला देशही आला, गेली वीस-बावीस वर्षे खुर्ची मागितली. लेखणी मात्र उचलली नाही. ज्या सहभागासाठी त्यांनी जगाच्या दारात धरणे धरले, तो सहभाग आपल्या घरातील नागरिकांना देताना त्यांचा हात आखडला. या दोन दोषांमुळे एक खरी मागणी पोकळ ठरू पाहत आहे, आणि याची किंमत मुत्सद्द्यांना नव्हे, आपल्यासारख्यांना मोजावी लागणार आहे.

खुर्ची आणि लेखणी यांतील फरक आम्ही सरकारी नोकरीत शिकलो. एका आंतरविभागीय समितीवर आम्ही आमच्या विभागाचे प्रतिनिधी होतो. बैठकीत आम्ही आमची बाजू जोरात मांडली, अध्यक्षांनी मान डोलावली, चहा झाला, आणि आम्ही जिंकल्याच्या आनंदात परतलो. तीन आठवड्यांनी इतिवृत्त आले. त्यात आमच्या मुद्द्याविषयी ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढे तीन शब्द होते, आणि दुसऱ्या विभागाचा प्रस्ताव ‘तत्त्वतः मान्य’ झाला होता. समितीचे सदस्य-सचिव त्या विभागाचे होते. आम्ही दुरुस्तीचे पत्र पाठविले. ‘पुढील बैठकीत ठेवावे’ असा शेरा पडला. पुढील बैठक भरलीच नाही. तेव्हापासून आम्ही पक्के समजलो आहोत की, सभेत बोलतो त्याचे काही चालत नाही. मसुदा ज्याच्या हाती, निर्णय त्याचा. जगाचा कारभारही याहून निराळा चालत नाही.

जुन्या संस्थांचे चित्र प्रथम पाहू. १९४५ साली ५१ देशांनी संयुक्त राष्ट्रसंघ स्थापिला. आज सदस्य १९३ आहेत. सुरक्षा परिषदेची सदस्यसंख्या १९६५ साली ११ वरून १५ झाली, पण वाढ फक्त अस्थायी जागांची होती. नकाराधिकार असलेले कायम सदस्य तेव्हाही पाच होते, आजही पाचच आहेत. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत, पण कायम जागा एकही नाही. नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात, आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. म्हणजे तिच्या इच्छेविरुद्ध पान हलत नाही. २०१० साली ठरलेले मतांचे फेरवाटप अमेरिकी काँग्रेसच्या संमतीसाठी पाच वर्षे अडले आणि २०१६ च्या जानेवारीत अमलात आले. त्यानंतरही भारताचा वाटा पावणेतीन टक्क्यांच्या घरात, आणि ब्रिटन व फ्रान्स यांचा प्रत्येकी सव्वाचार टक्क्यांच्या घरात. २०२३ च्या अखेरीस नाणेनिधीने भांडवली वाटे ५० टक्क्यांनी वाढविण्याचे ठरविले, पण सर्वांचे सारख्या प्रमाणात. म्हणजे भाकरी मोठी झाली, तुकड्यांचे प्रमाण तेच राहिले. जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचवावा हा रिवाजही चालूच आहे. २०२३ साली अजय बंगा अध्यक्ष झाले तेव्हा, त्यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा म्हणून आपल्याकडे पेढे वाटण्याचाच काय तो अवकाश होता. ते त्या खुर्चीवर बसले ते अमेरिकी नागरिक म्हणून, अमेरिकेचे उमेदवार म्हणून, हे लक्षात कोण घेतो?

अन्याय आहे, यात संशय नाही. पण अन्याय झालेल्यांनी काय केले? २००५ साली भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान या चार देशांनी सुरक्षा परिषदेच्या विस्ताराचा मसुदा मांडला. नव्या कायम सदस्यांचा नकाराधिकार तूर्त लांबणीवर टाकण्याची त्यांची तयारी होती. आफ्रिकी देशांचा आग्रह होता की, नकाराधिकार आहे तोवर नव्यांनाही तो हवाच. दोन्ही मसुदे एक झाले नाहीत आणि मतदानाची वेळच आली नाही. ब्रिक्स गटातील रशिया व चीन यांच्याकडे नकाराधिकार आहेच. त्यामुळे त्या गटाच्या घोषणापत्रांत भारत व ब्राझील यांच्या ‘मोठ्या भूमिकेच्या आकांक्षे’ला पाठिंबा असतो, ‘कायम सदस्यत्व’ हे दोन शब्द मात्र येत नाहीत. ही शब्दयोजना सहज झालेली नाही. कोणाच्या तरी लेखणीने ती केली आहे.

या गटाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ साली फोर्टालेझा येथे नव्या विकास बँकेचा करार झाला. पाचही संस्थापकांचे भांडवल समान, मते समान, नकाराधिकार कोणालाही नाही. हे खरे रचनात्मक काम. त्याच वेळी १०० अब्ज डॉलरचा आकस्मिक राखीव निधीही ठरला. पण त्याच्या अटी वाचाव्यात. एखाद्या सदस्याला आपल्या हिश्शातील ३० टक्केच रक्कम स्वतंत्रपणे मिळू शकते. उरलेल्या ७० टक्क्यांसाठी त्याने आधी नाणेनिधीचा कार्यक्रम स्वीकारलेला असला पाहिजे. ज्या सावकाराविरुद्ध मोर्चा काढला, त्याच्याच सहीवर आपल्या पतपेढीचा कारभार ठेवला! मोर्चाच्या घोषणा लक्षात राहिल्या, पोटनियम कोणी वाचले नाहीत.

आता इंटरनेटकडे वळू, कारण खुर्ची आणि लेखणी यांतले अंतर तेथे सर्वाधिक आहे. इंटरनेटला राजधानी नाही, पण त्याला एक नावांची वही आहे. कोणते नाव कोणत्या यंत्राकडे न्यावे हे सांगणाऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी १३ नावांचे मूलसर्व्हर आहेत आणि ते १२ संस्था चालवितात. त्यांपैकी नऊ अमेरिकी. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स व जपान येथील. त्यांच्या हजारांहून अधिक प्रती जगभर, आपल्या देशातही, आहेत. पण चालकांच्या यादीत उदयोन्मुख देशांपैकी एकही नाही. नावांच्या या वहीचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली स्थापन झाली. अमेरिकी वाणिज्य खात्याशी तिचा करार १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपला, पण कायदा कॅलिफोर्नियाचाच राहिला. तेथे सरकारांना सल्लागार समितीत जागा आहे. नियम मात्र कंपन्या, तंत्रज्ञ आणि स्वयंसेवी संस्था यांच्या कार्यगटांत, महिनोन्‌महिने चालणाऱ्या चर्चांतून आकाराला येतात.

त्याचा परिणाम ॲमेझॉनच्या प्रकरणात दिसला. २०१२ साली संकेतस्थळांच्या नावांच्या शेवटी लागणाऱ्या नव्या शब्दांसाठी अर्ज मागविले गेले, तेव्हा त्या नावाच्या कंपनीने ‘ॲमेझॉन’ हा शब्द मागितला. ब्राझील आणि पेरू यांनी आरंभापासून हरकत घेतली: ही आमची नदी आहे, हे आमचे अरण्य आहे, हा एका दुकानाचा ऐवज नव्हे. खोऱ्यातील आठ देशांची संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. २०१३ साली सरकारांच्या समितीने अर्ज नाकारण्याचा सल्ला दिला आणि २०१४ साली आयकॅनने तो मानला. कंपनी स्वतंत्र पुनर्विलोकनाकडे गेली. २०१७ साली निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. २०१९ साली आयकॅनच्या मंडळाने अर्ज पुढे नेण्याचे ठरविले आणि शेवटी ते नाव कंपनीलाच मिळाले. आठ सार्वभौम देश एका व्यापारी पेढीपुढे हरले!

संताप येणे स्वाभाविक आहे. पण ते का हरले? अर्जांच्या नियमपुस्तिकेत संरक्षित भौगोलिक नावांची यादी होती. देशांची नावे, राजधान्या, आंतरराष्ट्रीय प्रमाणयादीतील प्रांतांची नावे तीत होती. नद्या तीत नव्हत्या. ती पुस्तिका एका रात्रीत झालेली नव्हती. काही वर्षे तिचे मसुदे फिरत होते, सूचना मागविल्या जात होत्या, आणि सरकारांचे प्रतिनिधी त्या प्रक्रियेत बसलेले होते. ‘नद्या व पर्वत’ हे दोन शब्द त्या वेळी मसुद्यात घातले गेले असते, तर पुढची सात वर्षांची लढाई लढावी लागली नसती. खुर्चीवर माणसे होती, लेखणी दुसऱ्याच्या हाती होती.

या क्षेत्रातील उदयोन्मुख देशांच्या एकजुटीचा इतिहासही फारसा अभिमानास्पद नाही. २००५ साली ट्यूनिस येथील जागतिक माहिती परिषदेत त्यांनी अमेरिकी वर्चस्वाविरुद्ध आवाज उठविला; त्यातून दरवर्षी भरणारा इंटरनेट प्रशासन मंच निर्माण झाला, पण त्याला निर्णयाचा अधिकार नव्हता. भारत, ब्राझील व दक्षिण आफ्रिका या तीन लोकशाही देशांचा गट २००३ पासून होता. २०११ च्या सप्टेंबरात त्यांची रिओ येथे याच विषयावर चर्चा झाली. पुढच्याच महिन्यात भारताने महासभेत प्रस्ताव मांडला: पन्नास सरकारांची समिती असावी, तिने वर्षातून दोन आठवडे जिनिव्हात बसावे, इतरांसाठी सल्लागार मंडळे असावीत. मांडताना भारत एकटाच होता. देशातील उद्योगांना आणि नागरी संघटनांना विश्वासात न घेतल्यामुळे घरातूनच टीका झाली आणि प्रस्ताव शीतपेटीत गेला. २०१२ साली दुबईत दूरसंचार नियमांच्या नव्या करारावर ८९ देशांनी सह्या केल्या. त्यांत ब्राझील, रशिया, चीन व दक्षिण आफ्रिका होते, भारत नव्हता. २०१४ साली ब्राझीलने साओ पाउलो येथे जागतिक सभा बोलाविली; तिच्या अंतिम निवेदनाला भारताने आपली संमती जोडली नाही. आणि २०१५ साली ब्यूनोस आयर्स येथे भारताने सर्व हितसंबंधीयांच्या सहभागाच्या तत्त्वाला जाहीर पाठिंबा दिला. चार वर्षांत भूमिकेचे हे असे वळण! मत बदलणे गुन्हा नव्हे. पण ते का बदलले हे संसदेत वा लोकांपुढे कधी सविस्तर मांडले गेले का? फायलीवर कारणे न नोंदविता आदेश फिरविला, तर साध्या तहसीलदारालाही जाब विचारला जातो.

समुद्राखालच्या तारेची कथा याहून बोलकी आहे. पाश्चात्त्य देशांना वळसा घालून व्लादिवोस्तोकपासून चेन्नई, केप टाऊन यांमार्गे फोर्टालेझापर्यंत ३४,००० किलोमीटरची ब्रिक्स तार टाकण्याची योजना २०१२ साली जाहीर झाली. एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ साली अमेरिकी पाळतीचा पर्दाफाश केला, तेव्हा हिच्यावर लेखांचा पाऊस पडला. तार समुद्रात उतरली नाही. पोर्तुगालपासून त्याच फोर्टालेझापर्यंतची दुसरी तार मात्र २०२१ साली सुरू झाली. ब्राझीलला युरोपशी जोडणारी तार झाली. ब्राझीलला आपल्याशी जोडणारी नकाशावर राहिली.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला सार्वभौमत्ववाद्यांचा. ते म्हणतात, कंपन्या आणि स्वयंसेवी संस्थांना जनतेने निवडलेले नाही. सरकार हेच जनतेचे प्रतिनिधी, म्हणून इंटरनेटचा कारभार सरकारांच्या हाती, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली असावा. ऐकायला हे लोकशाहीचे वाटते. पण ही मागणी सर्वांत हिरिरीने कोण करते ते पाहावे. २०१४ पासून वूझेन येथे परिषदा भरवून ‘सायबर सार्वभौमत्वा’चा पुरस्कार करणाऱ्या चीनमध्ये नागरिकाने काय वाचावे हे शासन ठरविते. रशियाने २०१९ साली देशातील जाळे बाहेरच्या जगापासून तोडता येईल असा कायदा केला. अशा सरकारांच्या हाती जगाची वही देणे म्हणजे सावकाराच्या कचाट्यातून सुटून कोतवालाच्या कोठडीत जाणे होय. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस सरकारविषयी तुच्छता नाही. पण सरकारला एकट्याला सोडू नये, एवढे मात्र आम्ही आतून पाहून शिकलो आहोत.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: आहे ते चालले आहे, इंटरनेट बंद पडलेले नाही, तंत्रज्ञांना त्यांचे काम करू द्यावे, राजकारण कशाला? यांना आमचा प्रश्न असा की, राजकारण नाही तर नऊ आणि तीन ही विभागणी कोठून आली? ज्या बैठकांना येण्यासाठी विमानाचे भाडे, चांगले इंग्रजी आणि महिनोन्‌महिने बिनपगारी वेळ लागतो, तेथे ‘दार सर्वांना उघडे आहे’ असे म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. पाच तारांकित उपाहारगृहाचे दारही उघडेच असते.

मग मार्ग कोणता? तो ब्राझीलने दाखविला आहे, आणि आपण तो नीट पाहिला नाही ही आमची खरी तक्रार आहे. ब्राझीलमध्ये १९९५ पासून इंटरनेटसाठी एक राष्ट्रीय सुकाणू समिती आहे. तिचे २१ सदस्य: नऊ सरकारचे, चार उद्योगांचे, चार नागरी संस्थांचे, तीन विद्याक्षेत्राचे आणि एक इंटरनेटचा जाणकार. सरकार सर्वांत मोठे, पण बहुमतात नाही. बिगरसरकारी प्रतिनिधी ज्याने त्याने आपापल्या गटातून निवडायचे. देशाच्या नावांची नोंदणी याच व्यवस्थेखाली चालते आणि तिच्या उत्पन्नातून संशोधन, मोजमाप, प्रशिक्षण यांचा खर्च भागतो. २०१३ च्या सप्टेंबरात अध्यक्षा डिल्मा रूसेफ यांनी महासभेत अमेरिकी पाळतीचा निषेध केला. पण त्या निषेध करून थांबल्या नाहीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये साओ पाउलोच्या सभेत सरकारे, कंपन्या, नागरी संस्था व तंत्रज्ञ यांना सारख्याच रांगेत उभे राहून सारखाच वेळ बोलावे लागले. आणि त्याच सभेच्या उद्घाटनाला रूसेफबाईंनी नागरिकांच्या इंटरनेट-हक्कांच्या कायद्यावर सही केली. तो कायदा कित्येक वर्षांच्या जाहीर सल्लामसलतीतून घडला होता. जगाकडे जे मागितले ते त्यांनी घरात आधी दिले. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले.

आता आपले घर. अॅक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीनुसार २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद करणारा देश भारत होता. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत, बेमुदत असता कामा नयेत. २०२१ च्या डिसेंबरात संसदेच्या स्थायी समितीला आढळले की, देशात इंटरनेट कितीदा बंद झाले याची एकत्रित नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृहमंत्रालय. आम्हां जुन्या अधिकाऱ्यांना या वाक्याची लाज वाटते. गावातील कोंडवाड्यात किती गुरे कोंडली याचीही वही असते. पण लाखो नागरिकांचे बोलणे, बँक, परीक्षा, औषधाची मागणी बंद केली जाते आणि त्याची नोंदवही नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

आणि तरीही निराश होण्याचे कारण नाही. २०१५ साली दूरसंचार नियामकाने, काही संकेतस्थळे फुकट किंवा स्वस्त आणि इतर महाग असा भेद करू द्यावा काय, अशा स्वरूपाचे प्रश्न लोकांपुढे ठेवले. दहा लाखांहून अधिक पत्रे संगणकावरून गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियामकाने भेदभावाचे दर प्रतिबंधित केले. धनाढ्य कंपन्यांची इच्छा बाजूला पडली. ही घटना आम्ही फार मोलाची मानतो, कारण येथे सामान्य नागरिकाच्या हाती खुर्ची नव्हती, फक्त लेखणी होती, आणि ती पुरली.

हे सारे एका वाङ्मयीन संस्थेच्या अंकात कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर वर आलेल्या ‘ॲमेझॉन’ शब्दाच्या पहिल्याच अक्षरात आहे. देवनागरीची संगणकीय मांडणी जगासाठी जेथे ठरते, त्या युनिकोड संघटनेतही मताधिकार मुख्यतः मोठ्या संगणक-कंपन्यांकडे आहे. सरकारांना तेथे सदस्य होता येते, भारत सरकार काही काळ होतेही. आणि अक्षराचा प्रस्ताव तर कोणीही पाठवू शकतो. देवनागरीची मूळ मांडणी १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून घेतली गेली. मराठीला लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला मात्र तीत स्वतःचे घर नव्हते. ते युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली मिळाले. तोवर आपण ‘अ’च्या डोक्यावर चंद्र ठेवून वेळ निभावत होतो, आणि कित्येक ठिकाणी तो चंद्र अक्षरापासून सुटून बाजूला पडत असे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आजही अनेक पडद्यांवर दिसत नाहीत. कारण त्यांना वेगळा क्रमांक नाही, टंक बनविणाऱ्याच्या मर्जीवर ते अवलंबून आहेत. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ साली सुरू झाले. पण देवनागरीतील पत्ता लिहून पाहावा, कित्येक अर्जांचे रकाने तो स्वीकारीत नाहीत. यांत कोणी मराठीचा द्वेष केला असे नव्हे. त्या खोलीत मराठी जाणणारा पुरेसा वेळ बसला नाही, एवढेच. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणांस हे नवे नाही. शाळेचे माध्यम असो वा रस्त्याच्या पाटीवरील लिपी, आपल्याविषयीचे निर्णय आपण नसलेल्या खोलीत कसे होतात, हे आपण अंगावर झेललेले आहे.

आणि आपणही निर्दोष नाही. तो ट्यूनिसला जन्मलेला इंटरनेट प्रशासन मंच २००८ च्या डिसेंबरात आमच्या हैदराबादेत भरला होता. मुंबईवरील हल्ल्याला जेमतेम आठवडा झाला होता आणि सर्वांचे लक्ष तिकडे लागलेले होते. आयकॅनची, अमेरिकी करार संपल्यानंतरची पहिली सभाही २०१६ च्या नोव्हेंबरात हैदराबादेतच झाली. त्याच आठवड्यात नोटाबंदी आली आणि शहर बँकांच्या रांगेत उभे राहिले. कारणे खरी आहेत, पण ती पुरेशी नाहीत. आम्ही तेव्हा याच राज्याच्या सेवेत होतो आणि दोन्ही वेळा आम्हांला पत्ता नव्हता. येथील किती मराठी, तेलुगू वा उर्दू संस्थांनी तेथे आपल्या लिपीविषयी एक पानाचे निवेदन दिले? आमच्या तरी ऐकिवात एकही नाही. जग दोनदा आमच्या दारात आले आणि आम्ही दार किलकिले करूनही पाहिले नाही.

म्हणून आमचे म्हणणे तीन वाक्यांत सांगतो. जागतिक संस्थांत वाटा मागणाऱ्या देशांनी घोषणापत्रांवरचा खर्च कमी करावा आणि मसुदे लिहिणारी माणसे तयार करावीत: दहा-दहा वर्षे एकाच विषयाला चिकटून राहणारे अधिकारी, तंत्रज्ञ व भाषातज्ज्ञ, दर दोन वर्षांनी बदलीच्या आदेशासरशी उठणारे नव्हेत. भारताने ब्राझीलच्या धर्तीवर, सरकार बहुमतात नसलेली, निवडून आलेल्या प्रतिनिधींची एक समिती स्थापावी, आणि इंटरनेट बंदीच्या प्रत्येक आदेशाची सार्वजनिक नोंदवही ठेवावी. आणि आपल्यासारख्या संस्थांनी वर्षातून किमान एकदा, कवितावाचनाइतक्याच गांभीर्याने, आपल्या लिपीविषयी ज्या कोणत्या प्रस्तावावर मते मागविली असतील त्यावर लेखी मत पाठवावे.

शेवटचे काम आम्ही स्वतःपासून सुरू करीत आहोत. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाविषयी एक निवेदन आम्ही लिहावयास घेतले आहे. इंग्रजी थोडे कच्चे आहे, तांत्रिक परिभाषा त्याहून कच्ची. ज्या वाचकांना ती अवगत असेल त्यांनी हातभार लावावा. पाठविलेल्या निवेदनाची पोच मात्र आम्ही जपून ठेवू, आणि उत्तर आले नाही तर दुसरे लिहू. सरकारी नोकरीने आम्हांला एवढा चिवटपणा निश्चित दिला आहे.